आठवडा क्रमांक नेमका कसा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२२ची गोष्ट. पुरवठादाराचा मेल आला, एकाच ओळीचा: 'माल ४१व्या आठवड्यात निघेल.' मी एक्सेल उघडलं. त्यानं सांगितलं की ४१वा आठवडा म्हणजे २ ते ८ ऑक्टोबर. सोमवारी, ३ तारखेला, गोदामात जागा रिकामी करून आम्ही गाडीची वाट बघत बसलो. गाडी आली ११ तारखेला. मी फोनवर आवाज चढवायच्या तयारीत होतो, पण समोरच्यानं शांतपणे त्याच्याकडचं कॅलेंडर वाचून दाखवलं: आठवडा ४१, १० ते १६ ऑक्टोबर. त्याचंही बरोबर होतं आणि माझंही. तेव्हापासून आठवडा क्रमांकाबद्दल जो विचारेल त्याला मी सविस्तर सांगतो. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आठवडा क्रमांक म्हणजे काय, आणि तारीख असताना तो लागतो कशाला?

वर्षातल्या आठवड्यांना १, २, ३ असे ओळीनं नंबर दिले की झाला आठवडा क्रमांक. कारखान्याचं उत्पादन, मालाची रवानगी, शिफ्टचं वेळापत्रक, साथीच्या आजारांची आकडेवारी, साप्ताहिक विक्रीचा अहवाल अशी सात-सात दिवसांच्या चालीनं चालणारी कामं महिन्यांत नीट बसत नाहीत. महिना कधी २८ दिवसांचा, कधी ३१चा. त्यात रविवार कधी चार, कधी पाच. आठवडा मात्र नेहमी सातच दिवसांचा. जर्मनी, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे इथे तर लोक घरगुती बोलण्यातही 'आम्ही २९व्या आठवड्यात सुट्टीवर आहोत' असं सहज म्हणतात. बाकी बऱ्याच जगात हा नंबर फक्त ऑफिसातल्या शीटवर भेटतो, आणि घोळही तिथेच होतो.

१ जानेवारीपासून सात दिवस म्हणजे पहिला आठवडा. इतकं सरळ का नाही?

तशीही एक पद्धत आहे: १ ते ७ जानेवारी पहिला आठवडा, ८ ते १४ दुसरा. वर्ष बुधवारी सुरू झालं तर त्या वर्षीचा प्रत्येक आठवडा बुधवारी सुरू होणार, पुढच्या वर्षी गुरुवारी. कामाचा आठवडा एकीकडे आणि नंबर दुसरीकडे, म्हणून ही पद्धत रोजच्या कामात फारशी टिकत नाही.

मूळ अडचण भागाकाराची आहे. ३६५ला ७नं भागलं की ५२ येतात आणि १ उरतो. लीप वर्षात २ उरतात. हा उरलेला एक-दोन दिवसांचा तुकडा कुठे घालायचा, यावरच सगळ्या पद्धती वेगळ्या होतात. ठरवायच्या गोष्टी दोनच: आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, आणि जुन्या व नव्या वर्षात अर्धा-अर्धा पसरलेला आठवडा कोणाचा.

आयएसओ पद्धतीचा नियम काय आहे?

आयएसओ ८६०१ हे तारीख आणि वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आलं. आठवडे मोजण्याचा नियम त्याआधी वेगळ्या मानकात होता, तो यात घेतला गेला. नियम असा: आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो. ज्या आठवड्यात नव्या वर्षाचा पहिला गुरुवार येतो, तो त्या वर्षाचा पहिला आठवडा. पुढचे नंबर ओळीनं.

संपलं. या एका वाक्यातून बाकी सगळं निघतं.

पण गुरुवारच का?

कारण सोमवार ते रविवार या सातांत गुरुवार बरोबर मधोमध आहे. अलीकडे तीन, पलीकडे तीन. गुरुवार नव्या वर्षात पडला तर शुक्रवार, शनिवार, रविवारही नव्या वर्षातच असणार, म्हणजे चार किंवा जास्त दिवस नव्या वर्षाचे. गुरुवार जुन्या वर्षात राहिला तर चार किंवा जास्त दिवस जुन्याचे. थोडक्यात, बहुमत ज्याचं त्याचा आठवडा. सात ही विषम संख्या असल्यानं बरोबरी कधी होतच नाही, निकाल नेहमी लागतो. मला या नियमातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

आता लोक जे तीन-चार वेगवेगळे नियम सांगतात, ते एकच असल्याचं दिसेल. 'पहिला गुरुवार असलेला आठवडा', '४ जानेवारी असलेला आठवडा' आणि 'नव्या वर्षाचे निदान चार दिवस असलेला आठवडा' यांत काहीच फरक नाही. लक्षात ठेवायला ४ जानेवारी सोपी: ती तारीख नेहमी पहिल्या आठवड्यात असते. तशीच २८ डिसेंबर ही नेहमी शेवटच्या आठवड्यात.

२९ डिसेंबर २०२५ हा दिवस २०२६च्या पहिल्या आठवड्यात कसा काय?

१ जानेवारी २०२६ला गुरुवार आहे. त्या आठवड्याचा सोमवार म्हणजे २९ डिसेंबर २०२५. आठवडा तोडायचा नाही असं ठरल्यावर तो सोमवार, ३०चा मंगळवार आणि ३१चा बुधवार हे तिघंही २०२६च्या पहिल्या आठवड्यात जातात. उलटही होतं: १ जानेवारी २०२७ शुक्रवारी आहे, त्या आठवड्याचा गुरुवार ३१ डिसेंबर २०२६ला पडतो, म्हणून २०२७चे पहिले तीन दिवस २०२६च्या ५३व्या आठवड्यात.

थोडक्यात, आठवड्यांचं एक स्वतःचं वर्ष असतं. ते सोमवारी सुरू होतं, रविवारी संपतं आणि ३६४ किंवा ३७१ दिवसांचं असतं, ३६५चं कधीच नाही. भिंतीवरच्या वर्षाशी त्याचं बहुतेक दिवस जुळतं, फक्त टोकाचे तीन दिवस इकडे-तिकडे होऊ शकतात. नुसता 'आठवडा १' लिहून पुढे २०२५ की २०२६ हे न लिहिणाऱ्याला डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत कोणीही वाचवू शकत नाही.

वर्षात आठवडे ५२ की ५३?

जितके गुरुवार तितके आठवडे, हे सोपं उत्तर. बहुतेक वर्षांत ५२ गुरुवार असतात. १ जानेवारी किंवा ३१ डिसेंबर गुरुवारी आली की ५३. अशी अलीकडची आणि पुढची वर्षं: २००४, २००९, २०१५, २०२०, २०२६, २०३२, २०३७. बहुधा पाच किंवा सहा वर्षांनी पाळी येते. ग्रेगोरियन कॅलेंडरचं पूर्ण चक्र ४०० वर्षांचं; त्यात १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे, बाकी शून्य. या ४०० वर्षांपैकी ७१ वर्षं ५३ आठवड्यांची आणि ३२९ वर्षं ५२ची.

मी एक्सेलमध्ये ५४वा आठवडा पाहिला आहे. तो कुठून आला?

तो आयएसओचा नव्हे. उत्तर अमेरिकेत चालणाऱ्या पद्धतीत आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात असेल तो पहिला, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस का असेना. लीप वर्ष शनिवारी सुरू झालं तर गंमत होते: १ जानेवारीचा एकटा शनिवार हा अख्खा पहिला आठवडा, दुसऱ्या दिवशी दुसरा सुरू, आणि शेवटी ३१ डिसेंबरचा एकटा रविवार ५४व्या आठवड्यात. २०००मध्ये असं झालं होतं. आता २०२८मध्ये होईल. ज्यांच्या शीटमध्ये ५३ रकाने आखलेले आहेत त्यांनी आत्ताच बघून ठेवा.

एक्सेलमध्ये कोणतं फंक्शन वापरू?

आयएसओ क्रमांक हवा असेल तर सरळ 'आयएसओवीकनम'. ते एक्सेल २०१३पासून आहे आणि गूगल शीट्समध्येही चालतं. त्यात तारखेशिवाय काही द्यावं लागत नाही, म्हणून चुकायला जागाच नाही.

जुनं 'वीकनम' मात्र जपून. त्यात तारखेनंतर काहीच दिलं नाही तर ते वर सांगितलेली रविवारवाली अमेरिकन पद्धत धरतं. माझ्या ४१व्या आठवड्याचा घात इथेच झाला होता. दुसऱ्या जागी २१ दिलं तर आयएसओ क्रमांक मिळतो. आणि २ दिलं तर? इथे भले भले फसतात. २ म्हणजे आठवडा सोमवारी सुरू, हे खरं. पण पहिला आठवडा तरीही १ जानेवारीचाच. २०२७मध्ये १ ते ३ जानेवारी हे तीन दिवस त्याच्या लेखी पहिला आठवडा, आणि ४ जानेवारीपासून दुसरा. आयएसओत ४ जानेवारीपासून पहिला. सोमवार पाहून 'आयएसओच आहे' समजणाऱ्याची सगळी शीट वर्षभर एका आकड्यानं पुढे धावत राहते.

आमची शीट गेली काही वर्षं जुनंच फंक्शन वापरते आणि आकडे जुळतात. मग बदलायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

२०२३ रविवारी सुरू झालं, २०२४ सोमवारी, २०२५ बुधवारी, २०२६ गुरुवारी. या चारही वर्षांत अमेरिकन पद्धत आणि आयएसओ पद्धत सोमवार ते शनिवार एकच आकडा देतात. फरक पडतो तो रविवारी आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, आणि तेव्हा बहुतेक ऑफिसं बंद किंवा निम्मी रिकामी असतात. त्यामुळे शीट चुकीची असूनही कोणाला पत्ता लागत नाही.

२०२७ शुक्रवारी सुरू होतं. आता १० ऑक्टोबर २०२७ ही तारीख घ्या. रविवार आहे. आयएसओप्रमाणे हा ४०वा आठवडा, त्याचा शेवटचा दिवस. वीकनम मोकळं सोडलं तर ते सांगेल ४२. एक नाही, दोन आठवड्यांचा फरक! एक आकडा पहिल्या आठवड्याच्या नियमानं वाढला, दुसरा रविवारपासून नवा आठवडा धरल्यानं. आदल्या दिवशी, शनिवारी, हेच आकडे ४० आणि ४१ होते. २०२८ शनिवारी सुरू होतं, म्हणजे तेव्हाही हेच चालणार. २०२९ सोमवारी सुरू झालं की सगळं पुन्हा आपोआप जुळेल, आणि ज्यानं मधली दोन वर्षं डोकं धरून काढली तो म्हणेल, 'अपडेट आला असेल.'

शीट तपासायची असेल तर आजची तारीख घालू नका. ती जुळेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. १ जानेवारी २०२७ घाला. उत्तर ५३ आलं तर आयएसओ, १ आलं तर दुसरं काहीतरी.

हातानं आठवडा क्रमांक कसा काढायचा?

तारखेच्या आठवड्यातला गुरुवार शोधा. तो वर्षाचा कितवा दिवस आहे ते काढा. ७नं भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या.

वरचंच उदाहरण: १० ऑक्टोबर २०२७, रविवार. त्या आठवड्याचा गुरुवार ७ ऑक्टोबर. सप्टेंबरअखेर २७३ दिवस झाले, अधिक ७, म्हणजे २८०वा दिवस. भागिले ७, उत्तर ४०. गुरुवार शेजारच्या वर्षात गेला तर त्या वर्षाचा कितवा दिवस ते मोजा. क्रमांकही त्याच वर्षाचा.

सूत्रच हवं असेल तर: वर्षातला दिवस वजा वाराचा आकडा (सोमवार १, रविवार ७) अधिक १०, भागिले ७, अपूर्णांक सोडून द्या. २८३ वजा ७ अधिक १० म्हणजे २८६. भागिले ७ म्हणजे ४० आणि वर थोडं. उत्तर ० आलं तर तो दिवस मागच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आहे. ५३ आलं तर त्या वर्षाला ५३ आठवडे आहेत का ते बघा. नसतील तर तो पुढच्या वर्षाचा पहिला.

आणि उलट? क्रमांकावरून तारीख?

४ जानेवारीच्या आठवड्याचा सोमवार काढा आणि त्यात (क्रमांक वजा १) गुणिले ७ दिवस मिळवा. २०२७चा २३वा आठवडा: पहिला सोमवार ४ जानेवारीच, अधिक २२ गुणिले ७ म्हणजे १५४ दिवस, उत्तर सोमवार ७ जून. वजा १ विसरू नका. मी विसरलो आहे.

लिहायचं कसं?

आयएसओचा साचा असा: आठवड्याचं वर्ष, डब्ल्यू आणि दोन अंकी आठवडा, मग वाराचा आकडा. १ जानेवारी २०२६ होतो २०२६-डब्ल्यू०१-४. वार नको असेल तर २०२६-डब्ल्यू०१ इतकंच. एक अंकी आठवड्यापुढचं शून्य टाळू नका. नाहीतर संगणक क्रम लावताना १०वा आठवडा २च्या आधी नेऊन ठेवतो.

माणसांना पाठवायच्या मेलमध्ये माझा आग्रह एवढाच असतो: क्रमांकाशेजारी सोमवारची तारीख लिहा. 'आठवडा ४१ (सोम. १० ऑक्टो.पासून)'. चार शब्द जास्त जातात, गोदाम आठवडाभर रिकामं राहत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना कुठे फसायला होतं?

वर्षात. आठवडा बरोबर काढतात आणि त्याच्याशेजारी भिंतीवरचं वर्ष चिकटवतात. १ जानेवारी २०२७चा आठवडा ५३ हे बरोबर, पण त्याला २०२७ जोडलं की 'आठवडा ५३, २०२७' तयार होतो, जो अस्तित्वातच नाही. बऱ्याच भाषांमध्ये तारीख छापण्याच्या खुणांत %नंतरचा मोठा व्ही आयएसओ आठवडा देतो आणि मोठा जी त्या आठवड्याचं वर्ष. ही जोडी एकत्रच वापरायची. पायथनमध्ये 'आयएसओकॅलेंडर' वर्ष, आठवडा आणि वार तिन्ही एकदम देतं, ते उत्तम.

उलटी चूक जावासारख्या भाषांत होते. तिथे छोटा वाय चार वेळा लिहिला तर नेहमीचं वर्ष, मोठा वाय लिहिला तर आठवड्याचं वर्ष. महिना आणि दिवसासोबत चुकून मोठा वाय पडला की २९ डिसेंबर २०२५ छापली जाते '२०२६-१२-२९' अशी. वर्षभर एकही तक्रार नाही, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकाएकी सगळे व्यवहार एक वर्ष पुढच्या तारखेचे. चाचण्या मार्च-एप्रिलमध्ये घेतल्या तर ही चूक सापडणारच नाही.

डेटाबेसमध्येही विचारून घ्या. पोस्टग्रेसमध्ये आठवडा मागितला की आयएसओच मिळतो. मायएसक्यूएलमध्ये ० ते ७ असे आठ प्रकार आहेत आणि मोकळं सोडलं तर रविवारवाला मिळू शकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयएसओ आठवड्यासाठी वेगळा शब्द आहे.

आउटलुकमध्ये 'वर्षाचा पहिला आठवडा' म्हणून तीन पर्याय दिसतात. कोणता निवडू?

१ जानेवारीला सुरू होणारा, पहिला चार दिवसांचा आणि पहिला पूर्ण आठवडा असे ते तीन. आयएसओसाठी 'पहिला चार दिवसांचा' निवडा आणि आठवड्याचा पहिला वार सोमवार ठेवा. दोन्ही हवं, एक बदलून दुसरं राहिलं तर अर्धवट काम.

'महिन्याचा दुसरा आठवडा' याला काही नियम आहे का?

सर्वमान्य असा नाही, आणि म्हणून करारात ते शब्द लिहूच नयेत. सप्टेंबर २०२६ मंगळवारी सुरू होतो. 'दुसऱ्या आठवड्याचा सोमवार' म्हटलं तर १ तारखेचा आठवडा पहिला धरणारा ७ तारखेला येईल. 'दुसरा सोमवार' म्हटलं तर तो मात्र निःसंशय १४ तारखेला. वार मोजा, आठवडे मोजू नका.

गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करताना ५३व्या आठवड्याचं काय करायचं?

त्याला समोर जोडीदार नाही, हे मान्य करायचं. ५२ आठवड्यांच्या वर्षाशी ५३ आठवड्यांच्या वर्षाची बेरीज ताडून 'विक्री वाढली' म्हणणं ही फसवणूक. एक आठवडा म्हणजे जवळजवळ दोन टक्के. काही जण तो आठवडा वेगळा दाखवतात, काही जण पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याशी ताडतात. दोन्ही चालतं, फक्त तळटीप हवी. शिवाय ५३ आठवड्यांच्या वर्षानंतर त्याच क्रमांकाचा आठवडा तारखेनं पाच-सहा दिवस सरकतो. एखादा सण किंवा सुट्टी एका वर्षी १४व्या आठवड्यात आणि दुसऱ्या वर्षी १५व्यात गेली की आलेख उगाच उड्या मारतो.

किरकोळ विक्रीवाल्यांनी यावर वेगळा तोडगा काढला आहे: तिमाहीचे १३ आठवडे ४-४-५ किंवा ४-५-४ असे 'महिन्यांत' वाटायचे. मग प्रत्येक महिन्यात शनिवार-रविवार ठरलेले. तिथेही दर पाच-सहा वर्षांनी ५३वा आठवडा घालावाच लागतो; भागाकारातून सुटका कोणाचीच नाही.

आरोग्य खात्यांच्या अहवालातला आठवडा हाच का?

नेहमीच नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा साथरोग आठवडा रविवार ते शनिवार असतो, पण पहिला आठवडा ठरवताना चार दिवसांचं बहुमत बघतात. म्हणजे वार अमेरिकन, नियम आयएसओसारखा. त्यांच्या लेखी मधला दिवस बुधवार. म्हणून २०२६चा त्यांचा पहिला आठवडा ४ जानेवारीला सुरू होतो, आयएसओचा मात्र २९ डिसेंबरला. दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवण्याआधी हे बघा. ब्रिटनमधला कराचा आठवडा तर ६ ते १२ एप्रिल हा पहिला धरून मोजतात, त्याला जानेवारीशी घेणंदेणंच नाही.

टायरवरचे चार आकडे आठवड्याचेच असतात ना?

हो. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या लांब कोडच्या शेवटी चार आकडे लंबगोलात असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३चा ३५वा आठवडा, ऑगस्टचा शेवट. २०००च्या आधी तीनच आकडे असत, म्हणून तीन आकड्यांचा टायर दिसला तर तो नवा म्हणून विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. इलेक्ट्रॉनिक चिपवर बहुधा क्रम उलटा असतो: २४१८ म्हणजे २०२४चा १८वा आठवडा.

गरोदरपणात '१२ आठवडे ३ दिवस' म्हणजे १२वा आठवडा की १३वा?

बारा पूर्ण झाले आणि तेरावा चालू आहे. कॅलेंडरचा आठवडा चालू असलेला मोजतात, डॉक्टर पूर्ण झालेले मोजतात, वयासारखं. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि ४० आठवडे म्हणजे २८० दिवस. शेजारणीनं सांगितलेला 'महिना' आणि डॉक्टरांचे आठवडे जुळत नाहीत त्याचं अर्धं कारण इथेच आहे. सातांच्या गटाला आपण 'आठ'वडा म्हणतो, सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून मोजल्यासारखं; तेव्हा टोक धरायचं की सोडायचं हा वाद बोलीतही जुनाच.

आठवडा क्रमांक संपूही शकतो का?

जीपीएसमध्ये संपतो. तिथली मोजणी ६ जानेवारी १९८०च्या रविवारपासून, शून्यापासून. जुन्या संदेशात आठवड्यासाठी दहाच बिट ठेवले होते, म्हणजे १०२४ आठवड्यांनी, साधारण साडेएकोणीस वर्षांनी, गणती पुन्हा शून्यावर. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९मध्ये असं झालं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८. काही जुनी यंत्रं तेव्हा अचानक वीस वर्षं मागची तारीख दाखवतात.

वारांची साखळी कधी तुटली आहे का?

कॅलेंडर बदललं तरी नाही. १५८२मध्ये ग्रेगोरियन सुधारणा झाली तेव्हा दहा तारखा गाळल्या: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पण ४ला गुरुवार होता आणि १५ला शुक्रवारच आला. तारखा गेल्या, वार राहिला.

सामोआनं मात्र २०११मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबरचा शुक्रवारच गाळला. त्यांच्याकडे २०११चा ५२वा आठवडा सहा दिवसांचा झाला: गुरुवारी रात्री झोपले, शनिवारी सकाळी उठले.

पुढच्या काही वर्षांचे पहिले सोमवार एकदाच सांगा, भिंतीवर लावतो.

घ्या. आयएसओ पद्धतीनं पहिल्या आठवड्याचा सोमवार:

२०२६ – २९ डिसेंबर २०२५ (५३ आठवडे)
२०२७ – ४ जानेवारी २०२७
२०२८ – ३ जानेवारी २०२८
२०२९ – १ जानेवारी २०२९
२०३० – ३१ डिसेंबर २०२९
२०३१ – ३० डिसेंबर २०३०
२०३२ – २९ डिसेंबर २०३१ (५३ आठवडे)
२०३३ – ३ जानेवारी २०३३